चार दिवस न सुटलेला सेन्सर

हॅलो?… हं, बोला वकीलसाहेब… आज कोर्टाला सुट्टी वाटतं?… नाही? म्हणजे मधल्या वेळात आईची उलटतपासणी. चालू दे. मी मशीनवर बसलेय, शाळेचे गणवेश आहेत, सतरा शर्ट, सतरा पँटी, शुक्रवारी द्यायचेत. तुला स्पीकरवर टाकलंय, हात मोकळे हवेत ना मला… नाही गं, दुकानात कोणी नाही. शटर अर्धंच उघडलंय. तुझे बाबा मागे स्वयंपाकघरात आहेत. बोल.

काय?… साखर दोनशे नव्वद? कधी?… काल दुपारी जेवल्यावर. बरं… आणि आज नाश्त्यानंतर दोनशे अडुसष्ट. अरे वा, आकडे पाठ केलेस की. शाळेत पाढे म्हणायला बसवलं की पोट दुखायचं तुझं.

नाही, चेष्टा नाही करत… हो, हो… अगं ऐक ना. मला कसलाही त्रास नाही. चक्कर नाही, तहान नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. सकाळपासून सहा कॉलर बसवल्या, एकही वाकडी नाही. अजून काय पुरावा हवाय?

काय खाल्लं म्हणजे? काय खाणार बाई… एक उकडलेलं अंडं, ब्रेडचा एक तुकडा आणि तो चहा. त्याला चहा म्हणायचं ते कपात असतो म्हणून… जॅम? मी? जॅमची बाटली या घरात एकच माणूस उघडतो, तुला माहितीय. मला तर ती बघायचीही चोरी. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाने केकचा तुकडा दिला, तो खाऊन मी तोंड पुसते तोवर तुझा फोन. तू तो नाण्याएवढा सेन्सर माझ्या दंडावर चिकटवलास आणि माझ्या फोनवरून तुझ्या फोनला जोडलास, तेव्हापासून माझ्या रक्तात काय चाललंय ते मला सगळ्यात शेवटी कळतं.

हं… हं… नाही, बिघडला नसेल. नवाच आहे. शनिवारी लावला.

कुठला टुंग?… हां, तो. सकाळी सात ते आठ मी पाण्यात असते तेव्हा सिग्नल तुटतो आणि तुझा फोन टुंग करतो, तो… चार दिवस झाला नाही? मग आनंदच आहे की. इतके दिवस टुंग झालं म्हणून ओरडत होतीस, आता झालं नाही म्हणून ओरडतेस. तुझं समाधान नक्की कशात आहे ते एकदा कागदावर लिहून दे.

जाते ना. रोज जाते. विचार तलावावरच्या सरांना… रविवारी माझ्या चाळीस फेऱ्या आहेत, सलग, एक हजार मीटर, मी घरी कशाला बसू? वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पोहायला शिकले मी. पहिले तीन महिने तलावातल्या पोरी मला बघून वाट सोडायच्या, एखादी होडी आल्यासारख्या. आता मी त्यांना मागे टाकते. तुझे बाबा काठावर खुर्ची टाकून फेऱ्या मोजणार आहेत. वही आणलीय त्यांनी नवी.

पाण्यातून सिग्नल जात नाही, हो, माहितीय. तूच चित्र काढून समजावलं होतंस, मी काही विसरले नाही… मग कसा आला?… अं… पट्टी. तू पाठवलीस ना ती वरून लावायची मोठी पट्टी, ती लावली या वेळी.

…

हो, बरोबर. पट्टी सेन्सरला धरून ठेवते, सिग्नलला नाही. बरोबर आहे तुझं… थांब जरा, बॉबिन संपली… हं. काय विचारत होतीस?

ते होय. मी डावा हात पाण्याबाहेर धरून पोहते… हो, एका हाताने. दंड वर. तलावातली माणसं पण उलट टाटा करतात मला… हसतेस काय? तूच म्हणालीस ना, सेन्सर जपा, सेन्सर जपा. जपतेय.

अगं, हवं होतं ते झालं ना पण? चार दिवस सुटला नाही, याचं काहीच कौतुक नाही? पहिला आठवतो का तुला? तिसऱ्याच दिवशी गेला. पाणी बाहेर जायच्या जाळीत सापडला. लाइफगार्डने सगळ्यांसमोर वर धरून विचारलं, हे कोणाच्या शर्टाचं बटण. मी शिंपीण, म्हणून सगळे माझ्याकडेच बघायला लागले. दुसरा टॉवेलबरोबर निघाला आणि टॉवेलबरोबरच धुतला गेला. तिसऱ्याला मी इलॅस्टिकची बाही शिवली, दुहेरी शिलाई, दोन्हीकडून घट्ट. काय झालं? पाणी आत शिरून बाही टम्म फुगली आणि उतरताना सेन्सरलाही घेऊन उतरली. चाळीस वर्षं शिवतेय, एवढा अपमान कुठल्या कापडाने केला नाही माझा.

हो, माहितीय… माहितीय गं. तो दिवस मी विसरेन का? माझेच हात होते ते. लाइफगार्डने काठी पुढे केली आणि मला ती धरताही येईना. अठ्ठेचाळीसवर घसरली होती साखर. तू रात्रभर प्रवास करून आलीस, आल्या आल्या माझ्यावर खेकसलीस आणि मग न्हाणीघरात जाऊन रडलीस. मला ऐकू येत होतं… म्हणून तर तुझी अट मान्य केली ना. सेन्सर दंडावर असेल तरच पाण्यात. चार फेऱ्या झाल्या की काठाला थांबायचं, दंड वर काढायचा, पिशवीतला फोन बोंबलत नाही ना बघायचं आणि मग पुढे. लहान मुलांच्या वर्गातही एवढे नियम नाहीत.

काय केलंस?… कधी?… मला न विचारता आलेख डॉक्टरांना पाठवलास? वा. छान. आता माझी साखर पेपरात छापायची तेवढी राहिलीय… काय म्हणाले?

हं…

रात्रीचं इन्सुलिन सहा युनिटने वाढवायचं. बरं… बरं म्हटलं म्हणजे घेते असं नाही, बरं म्हटलं… आणि?

पोहणं बंद?

का पण?… साखर खाली येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?… दोन आठवडे? अगं, रविवार आहे चार दिवसांवर. माझं नाव लागलंय तिथे फळ्यावर. सरांनी स्वतः खडूने लिहिलंय… पुढच्या वर्षी काय, पुढच्या वर्षी मी साठीची… नाही. हे बघ, नाही. ते काहीही म्हणोत. माझं काही वाढलेलं नाही, मी रोज पोहायच्या आधी आणि नंतर बोट टोचून बघते, आज सकाळी एकशे बावीस होती… हो, एकशे बावीस. त्या छोट्या यंत्रावर, त्यात नोंद असते, येऊन बघ… मग सेन्सर दोनशे अडुसष्ट का दाखवतो? दाखवू दे की. त्याला काय दाखवायचं ते दाखवू दे, ती साखर माझी नाहीच मुळी.

…

नाही म्हणजे नाही. सेन्सर माझ्या दंडावर नाही. झालं समाधान? घ्या लिहून. साक्षीदार फितूर झाला.

तुझ्या बाबांच्या दंडावर आहे.

हॅलो?… आहेस ना?… ओरड, ओरड. कोर्टाच्या आवारात उभी आहेस, लोकांना वाटेल अशील मेलं… अगं, मग काय करू? तू पाठवलेल्यातला शेवटचा एकच उरला होता. शनिवारी लावून रविवारी पाण्यात उतरले असते की सोमवारी तुझा फोन, आई, सिग्नल नाही, आई, तू कुठेयस, आई, बाहेर ये. आणि मग पोहणं बंद. म्हणून म्हटलं, जो माणूस दिवसभर खुर्चीतून हलत नाही, त्याच्या दंडावर तो हलणार नाही. डोकं लागतं त्याला… फोन घरीच ठेवून जाते, त्यांच्याजवळ. म्हणून टुंग नाही झाला तुझा.

ते कसले नाही म्हणतात? हौसेने बाही वर केली. मला म्हणाले, लाव, माझी साखर जन्मापासून शहाणी आहे, पोरीला चार दिवस चांगले आकडे बघू देत. पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले तुझ्या बाबांनी. कोणी तार फिरवली, कोणी सील तोडलं, कोणी मीटरला लोहचुंबक लावला, सगळं दारातून वास घेऊन ओळखायचे. आणि आता स्वतःच्या घरात बायकोचा मीटर स्वतःच्या दंडावर फिरवून घेतला. वर मला म्हणतात, हे पकडायला माझ्यासारखा माणूस लागेल. अभिमान होता त्यांना. दोन दिवस अर्ध्या बाहीचा शर्ट घालून फिरत होते.

आणि चूक कोणाची ते ऐक. काल औषधवाल्याला विचारलं, बाबा रे, हे पाण्यात टिकत का नाही? त्याने सगळं सांगितलं. दंड आधी स्पिरिटने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, लावल्यावर एक दिवस पाण्यात जायचं नाही, पट्टीचे कोपरे गोल कापायचे म्हणजे उचलत नाहीत, बाहेर आल्यावर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. मला सांगतो कोपरे गोल कापा. मला. मग विचारलं, पोहण्याआधी अंगाला काही लावता का? म्हटलं, तेल. त्या पाण्यातल्या औषधाने कातडी सुकते, म्हणून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळून लावते. दंडाला पण? म्हटलं, दंड काय सवतीचा आहे? त्याने कपाळाला हात लावला. तीन सेन्सर मी स्वतःच्या हाताने तेल लावून काढले गं. आता बोल, हसायला तुला मुभा आहे.

हसत नाहीयेस?… बरं, नको हसूस. मुद्दा एवढाच, मी ठीक आहे. डॉक्टरांना सांग, गैरसमज झाला. इन्सुलिन नाही वाढवायचं. बरं झालं नाही वाढवलं, नाहीतर सहा जास्त घेऊन सकाळी पाण्यात उतरले असते आणि… हो. हो, कळतंय मला. चुकलं माझं. कबूल. आता रविवार…

काय?

हो, सांगितलं ना, बाबांच्या दंडावर… शनिवार संध्याकाळपासून… एकदाही काढला नाही… हो, काल दुपारीपण. आज सकाळीपण. सगळे आकडे त्यांचेच…

…

तेच सांगतेय ना मी. दोनशे नव्वद माझी नाही, ती तुझ्या बाबांची…

…

थांब.

थांब हं, मशीन बंद करते.

…

सेन्सर चुकतही असेल ना?… खुर्चीच्या हातावर दंड टेकून बसतात, दाबला गेला की चुकतो, तूच म्हणाली होतीस… दाबला तर कमी दाखवतो. जास्त नाही. हं.

पहाटे किती होती?… एकशे नव्वद. उपाशीपोटी… चारही दिवस?

नाही, त्यांना कुठे काय होतंय. त्यांना कधीच काही होत नाही, तेच तर सांगत फिरतात. रक्त तपासायला चला म्हटलं की, आधी माझं एखादं दुखणं दाखवा म्हणे… पाणी? पाणी पितात. पितात बरंच. उशाशी जग ठेवतात आताशा. मी म्हटलं, उकाडा आहे… रात्री उठतात ना. दोनदा. तीनदा. मी चिडते पण, दिवा लावतात म्हणून. परवा म्हटलं, दार तेवढं आपटू नका.

अगं…

अगं, मी त्यांची पँट दोनदा आत घेतलीय.

कमरेत. एकदा थंडीत, दीड इंच. आणि आता गेल्या महिन्यात परत. टेप माझ्याच हातात होती. मी म्हटलं, वा, म्हातारपणी शिडशिडीत झालात. ते म्हणाले, तू पोहतेस आणि बारीक मी होतो. हसलो आम्ही दोघं. मी टाचण्या लावल्या, शिवली, इस्त्री करून दिली. गिऱ्हाइकाचं माप अर्ध्या इंचाने हललं तरी मी विचारते, बरं नव्हतं का? आणि घरातल्या माणसाला…

नाही, नाही रडत. तू बोल… हो. आता लगेच. माझं यंत्र इथेच आहे, खणात. थांब, फोन ठेवू नकोस.

अहो… अहो, इकडे या जरा… तो टोस्ट तिथेच राहू द्या. खाली ठेवा म्हटलं ना… पोरगी आहे फोनवर… काही नाही, बोट बघायचंय तुमचं… नाही, नाही, आधी हात धुऊन या. साबणाने. जॅम लागलाय बोटाला, त्याने आकडा उगाच जास्त येईल… हो, जास्त आलेला चालणार नाही आज.

धुतायत… तिसरा टोस्ट होता तो. मला वाटायचं, भूक चांगली आहे, तब्येत चांगली आहे… हो, सांगते. एकदम नाही सांगत, कळतं मला.

बसा. खुर्ची ओढा. हं, डावा हात… अहो, टाचणीएवढंही लागत नाही, मी रोज चार वेळा करते, कधी ओरडले का?… झालं. तेवढा थेंब पुरे. आता पाच सेकंद.

…

तीनशे चार.

ऐकलंस?… हो. हात धुऊन.

नाही, ते बघतायत. चष्मा वर करून आकडा बघतायत. यंत्र पालथं करून मागे काय लिहिलंय तेही वाचून झालं… थांब, काहीतरी म्हणतायत.

…

काय म्हणाले माहितेय? म्हणाले, मीटर फास्ट पळतोय.

पस्तीस वर्षं, गं. ज्याच्या घरी आकडा मोठा निघेल तो प्रत्येक माणूस दारात उभा राहून हेच सांगायचा त्यांना. साहेब, मीटर फास्ट पळतोय. घरी येऊन नकला करून दाखवायचे, तू पोट धरून हसायचीस… हो. आता तेच म्हणतायत. आणि हसत नाहीयेत.

अहो, तो नका ओढू. दंडावरचा हात काढा… मी सांगते ना, राहू द्या तो. आता तो तुमचाच आहे… नाही, मला दुसरा मिळेल. पोरगी पाठवेल. मी तेल न लावता चिकटवेन, कोपरे गोल कापेन आणि मगच पाण्यात जाईन. तोवर नाही जात… हो, रविवारी पण नाही. मी म्हणतेय ना, नाही… फळ्यावरचं नाव पुसलं तर सर परत लिहितील. खडू काय संपत नाही त्यांचा.

ऐकलंस ना गं, मीच म्हटलं. उगाच विजयी आवाज काढू नकोस.

डॉक्टरांना तूच कर फोन, सांग आम्ही निघतोय. आणि सांग की आलेख माझा नव्हता. काय सांगायचंय ते नीट सांग, वकील आहेस, कुठे काय लपवायचं ते तुला कळतं… नको, नको लपवूस काही. सगळंच सांग.

अं?… मला काय विचारतायत बघ. रविवारी वही आणायची की नाही, विचारतायत. चाळीस फेऱ्यांच्या रेघा आखून ठेवल्यात म्हणे… आणा, आणा. आकडे लिहायला लागेलच ती. नाश्त्याआधी, जेवणानंतर. दोघांचेही. मी तुमचे वाचेन, तुम्ही माझे. आणि यात फिरवाफिरवी केलीत तर गाठ माझ्याशी आहे.

हो गं, ठेवते. शटर ओढायचंय, गणवेश गुंडाळायचेत… जेवले नाही अजून, थोडं खाऊन घेते, नाहीतर माझीच साखर पडायची वाटेत… रात्री बोलू. नाही, तू धावत येऊ नकोस… बरं, ये. ये. बरं वाटेल त्यांना.

अहो, ही पँट नको, ती घाला ना, बाहेर जायची… सैल होते? परत?

…

उभे राहा सरळ. हात वर करा. हलू नका, मी धरते.

ठेवते गं. दोन्ही हात लागणार आहेत मला.